नेट बंद म्हणजे नेमकं काय बंद? सरकारी आदेशाने होणाऱ्या इंटरनेट बंदीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

"नेट बंद केलंय" एवढंच वाक्य कानावर येतं आणि ऐकणारा आपल्या परीने अर्थ लावतो. कुणाला वाटतं फोनही लागणार नाही, कुणाला वाटतं फक्त व्हॉट्सॲप बंद असेल. बंदीचे प्रकार बरेच आहेत आणि प्रत्येकाने होणारी अडचण वेगळी असते. म्हणून बंदीची बातमी आली की पहिला प्रश्न हाच विचारायचा: नेमकी कोणती सेवा, कुठे, किती वेळ आणि कुणाच्या सहीने? पुढची उत्तरं या चार प्रश्नांना धरूनच दिली आहेत.

नेट गेलं की त्याला बंदी म्हणायचं का?

नाही. बंदी म्हणजे सरकारने किंवा सरकारच्या सांगण्यावरून दूरसंचार कंपन्यांनी जाणूनबुजून सेवा तोडणं, अडवणं किंवा मुद्दाम रडतखडत चालवणं. जानेवारी २०२२ मध्ये समुद्राखालच्या ज्वालामुखीच्या उद्रेकाने टोंगाची केबल तुटली आणि देश काही आठवडे जगापासून जवळजवळ तुटला. ती आपत्ती होती. जुलै २०२२ मध्ये कॅनडातल्या एका मोठ्या कंपनीचं जाळं स्वतःच्याच चुकीमुळे कोलमडलं आणि लाखो लोकांचे फोन आणि कार्ड व्यवहार थांबले. तो बिघाड होता. बंदीमागे आदेश असतो, आणि आदेश असला की त्याचा जाब विचारता येतो. फरक आहे तो इथेच.

बंदीत कोणकोणत्या सेवा येतात?

सगळ्यात जास्त वापरला जाणारा प्रकार म्हणजे मोबाइल डेटा बंद करणं. कॉल आणि एसएमएस चालू, तारेने किंवा फायबरने येणारं ब्रॉडबँडही चालू, फक्त मोबाइलवरचं नेट बंद. बातमीत "इंटरनेट सेवा खंडित" असं छापून येतं तेव्हा बहुतेकदा हेच झालेलं असतं.

त्याहून कडक प्रकारात ब्रॉडबँडही जातं, म्हणजे घरचं वायफाय, कार्यालयातली लाइन, सायबर कॅफे, सगळंच. त्याच्याही पुढे कॉल आणि एसएमएस बंद होतात आणि क्वचित लँडलाइनही. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये एकाच रात्रीत हे सगळं बंद झालं होतं. पाकिस्तानात ८ फेब्रुवारी २०२४ ला, ऐन मतदानाच्या दिवशी, मोबाइल सेवा बंद होती. म्हणजे नुसतं मोबाइल नेट गेलं असं नाही, मोबाइलवरून साधा फोनही लागत नव्हता. ब्रॉडबँड मात्र चालू राहिलं.

दुसऱ्या बाजूला मोजक्याच ॲपवर किंवा संकेतस्थळांवर घातलेली बंदी असते. एप्रिल २०१९ मध्ये ईस्टरच्या दिवशीच्या बॉम्बस्फोटांनंतर श्रीलंकेने समाजमाध्यमं बंद केली, बाकी नेट चालू ठेवलं. चाडमध्ये समाजमाध्यमांवरचे निर्बंध मार्च २०१८ ते जुलै २०१९ असे सुमारे सोळा महिने चालले. नेपाळने सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणी न केल्याच्या कारणावरून २६ समाजमाध्यमं बंद केली. त्यावरून तरुण रस्त्यावर उतरले आणि काही दिवसांतच बंदी मागे घ्यावी लागली.

उरले दोन प्रकार, ज्यांना बंदी म्हणून ओळखलंच जात नाही. एक म्हणजे वेग पाडणं. दुसरा म्हणजे "एवढीच संकेतस्थळं चालतील" अशी यादी काढणं. दोन्हीत नेट कागदोपत्री चालू असतं.

रेंज तर पूर्ण दिसते, मग नेट का चालत नाही?

हा अनुभव नीट निरखून पाहण्यासारखा आहे. फोन हातात घेतला तर वर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात. त्यांच्या शेजारचं ४जी किंवा ५जी हे अक्षर मात्र गायब असतं, किंवा असूनही काही उघडत नाही. संदेश पाठवला की त्याच्याशेजारी छोटं घड्याळ येतं आणि एकही बरोबरची खूण न उमटता ते तसंच राहतं. माणूस फोन बंद करून चालू करतो, विमान मोड लावून काढतो, सिम काढून पुसून परत घालतो. शेजारच्याला विचारतो, "तुझं चालतंय का?" तेव्हा कुठे उलगडा होतो.

कारण साधं आहे. दांड्या दाखवतात ते फोन आणि टॉवर यांच्यातलं रेडिओचं नातं, आणि ते शाबूतच असतं. आवाज आणि डेटा यांची व्यवस्था कंपनीच्या जाळ्यात वेगवेगळी लागते. आदेश आला की कंपनी ठरावीक टॉवरांपुरती डेटाची वाट बंद करते. म्हणून एका जिल्ह्यात नेट बंद आणि हद्दीपलीकडे चालू असं होऊ शकतं, आणि हद्दीजवळच्या लोकांना पलीकडच्या टॉवरची रेंज मिळाली तर त्यांचं नेट चालतंही.

कॅमेरूनमध्ये याच गोष्टीवर लोक तगून राहिले. जानेवारी २०१७ मध्ये तिथल्या इंग्रजीभाषक प्रदेशांचं नेट तोडलं गेलं ते ९३ दिवस. बुएआ शहरात सॉफ्टवेअरचे छोटे उद्योग करणारी तरुण मंडळी होती. त्यांनी फ्रेंचभाषक प्रदेशाच्या हद्दीजवळ, जिथे तिकडचा सिग्नल पोचतो अशा गावात, जागा भाड्याने घेतली आणि लॅपटॉप घेऊन तिथेच ठाण मांडलं. त्या जागेला त्यांनी नाव दिलं "इंटरनेट निर्वासितांची छावणी". आपल्याच देशात, घरापासून थोड्याशा अंतरावर, फक्त एक ईमेल जावा म्हणून.

संपूर्ण देशाचं नेट कसं काय बंद करता येतं?

इंटरनेटवर प्रत्येक जाळं शेजारच्या जाळ्यांना सतत सांगत असतं की अमुक पत्ते माझ्याकडे आहेत, तिकडची वाहतूक माझ्याकडे पाठवा. ही घोषणा मागे घेतली की बाहेरच्या जगासाठी ते पत्ते नकाशावरूनच पुसले जातात. इजिप्तमध्ये २७ जानेवारी २०११ च्या मध्यरात्रीनंतर काही मिनिटांच्या अवधीत मोठ्या कंपन्यांनी एकामागून एक अशा घोषणा मागे घेतल्या आणि देश अंधारात गेला. २ फेब्रुवारीला सेवा परत आली. त्या पाच दिवसांत किमान ९ कोटी डॉलरचं नुकसान झाल्याचा अंदाज ओईसीडी या आर्थिक संघटनेने काढला होता.

कंपन्या किती आणि देशाबाहेर जाणाऱ्या वाटा किती, यावर हे काम किती सोपं ते ठरतं. दोन-चार कंपन्या आणि एकच सरकारी प्रवेशद्वार असेल तर दोन-चार फोन पुरतात. शेकडो कंपन्या आणि डझनभर केबल असतील तर तेच काम किचकट होतं.

इराणची तऱ्हा वेगळी. नोव्हेंबर २०१९ मध्ये इंधनाच्या दरवाढीवरून निदर्शनं पेटली तेव्हा बाहेरचं जग जवळजवळ आठवडाभर तोडलं गेलं, पण देशांतर्गत जाळ्यावर बँका आणि सरकारी सेवा चालू राहिल्या. सरकारने असं देशी जाळं आधीच उभारून ठेवलं होतं. मला हा प्रकार सगळ्यात काळजीचा वाटतो, कारण बंदीची जी किंमत सरकारला मोजावी लागते तीच यात कमी होते. आणि किंमत कमी झाली की हात आखडता घ्यायचं कारण उरत नाही.

एखादंच ॲप बंद करतात ते कसं?

मार्ग तीन-चार आहेत. नावाचा पत्ता सांगणाऱ्या डीएनएस यंत्रणेला खोटं उत्तर द्यायला लावायचं. ॲपच्या सर्व्हरचे आयपी पत्ते, म्हणजे नेटवरचे आकडी पत्ते, अडवायचे. किंवा जोडणी सुरू होताना कोणत्या संकेतस्थळाकडे चाललोय हे नाव उघडं दिसतं, ते वाचून जोडणी तोडायची. संदेशातला मजकूर कूटबद्ध असला तरी हे नाव बहुतेक वेळा दिसतंच.

यात सुक्याबरोबर ओलंही जळतं. रशियाने एप्रिल २०१८ मध्ये टेलिग्राम अडवायला घेतलं. टेलिग्राम भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर जागा बदलत राहिलं आणि नियामकाने ॲमेझॉन-गूगलचे दीड कोटीहून जास्त पत्ते अडवले. टेलिग्राम चालूच राहिलं आणि ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता अशा सेवा बंद पडल्या. २४ फेब्रुवारी २००८ ची गोष्ट याहून विलक्षण. पाकिस्तानात यूट्यूब बंद करण्याच्या आदेशावरून तिथल्या कंपनीने यूट्यूबच्या पत्त्यांची खोटी वाट जाहीर केली. ती देशात राहण्याऐवजी बाहेर पसरली आणि सुमारे दोन तास जगभरातल्या असंख्य लोकांसाठी यूट्यूब बंद पडलं.

वेग कमी केला तर त्यालाही बंदी का म्हणायचं? नेट तर चालू असतं ना?

नावालाच. २जी वर नेट उतरवलं की कागदोपत्री वेग जास्तीत जास्त शे-दोनशे केबीपीएसच्या आसपास, आणि प्रत्यक्षात त्याहूनही बराच कमी. आजची साधी बातमीची पानंही दोन-तीन एमबीची असतात. पान उघडायला मिनिट लागतं, मध्येच जोडणी तुटते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चित्रफीत पाठवणं तर सोडूनच द्या. वेग पाडण्यामागे बहुतेकदा हेच असतं: मजकूर जाऊ द्यायचा, पण प्रत्यक्ष काय घडतंय ते दाखवणारी चित्रं बाहेर पडू द्यायची नाहीत.

जम्मू-काश्मीरमध्ये ४जी पूर्णपणे परत आलं ५ फेब्रुवारी २०२१ ला, म्हणजे ऑगस्ट २०१९ च्या बंदीनंतर दीड वर्षाने. मधल्या काळात कोविड आला. डॉक्टरांना उपचारांच्या मार्गदर्शक पुस्तिका उतरवून घ्यायच्या होत्या, मुलांचे वर्ग पडद्यावर भरत होते, आणि तिथल्या बहुतेक भागात ते सगळं २जी वर. याला "नेट चालू" म्हणणं मला पटत नाही.

ब्रॉडबँड चालू आहे, मग एवढं काय अडतं?

ज्याच्या घरी फायबरची लाइन आहे त्याचं फारसं अडत नाही, हे खरं. पण भारतात इंटरनेट वापरणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांचं नेट म्हणजे त्यांचा मोबाइल. आफ्रिकेत आणि दक्षिण आशियात बऱ्याच ठिकाणी हेच चित्र आहे. म्हणून मोबाइल डेटाची बंदी दिसायला अर्धी, पण फटका बसतो तो हातावर पोट असलेल्यांना: ॲपवर काम मिळवणारे चालक, घरपोच सेवा देणारे, फोनवर ऑर्डर घेणारे. आदेश काढणाऱ्या कार्यालयात मात्र त्या वेळी वायफाय चालू असतं. हा भेद आदेशाच्या कागदावर कुठेच दिसत नाही आणि चर्चेतही क्वचित येतो.

पैशांचे व्यवहार, ओटीपी, एटीएम यांचं काय होतं?

ओटीपी एसएमएसने येतो, त्यामुळे एसएमएस चालू असेल तर तो येतोच. पण तो टाकायचा ज्या ॲपमध्ये, ते उघडत नाही. कार्ड घासण्याची बरीच यंत्रं आत मोबाइल सिम असलेली असतात, तीही गप्प होतात. एटीएम बहुतेकदा स्वतंत्र लाइनवर किंवा उपग्रहाच्या जोडणीवर चालतात, म्हणून ती चालू राहतात, पण रोख रकमेसाठी रांगा लागून लवकर रिकामी होतात.

भारतात यूपीआयचे व्यवहार नेटशिवाय *९९# या क्रमांकावरून करता येतात, कारण ती सेवा कॉलच्या वाटेने जाते. त्यासाठी बँक खात्याला तोच मोबाइल क्रमांक जोडलेला आणि यूपीआय पिन तयार असायला हवा. ही जुळणी आधी करून एकदा वापरून पाहिलेली बरी.

कॉल आणि एसएमएस चालू राहतात का? मदतीचे क्रमांक लागतात का?

फक्त डेटा बंद असेल तर दोन्ही चालतात. काही आदेशांत मात्र "एकगठ्ठा एसएमएस" बंद केलेले असतात, म्हणजे एकाच वेळी पुष्कळांना जाणारे संदेश जात नाहीत पण माणसाने माणसाला पाठवलेला संदेश जातो. मोबाइल सेवाच बंद असेल तर पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांचे क्रमांकही मोबाइलवरून लागत नाहीत. कॉल तोडण्याच्या आदेशाची ही सगळ्यात भयानक बाजू आहे. दंगल पेटलेली असताना ज्याच्या घराबाहेर जमाव आला आहे त्याच्या हातातला फोनही त्याच वेळी मुका झालेला असतो.

सरकारं कारणं काय देतात?

अफवा थांबवणं, दंगल आटोक्यात आणणं, निवडणूक, दहशतवादविरोधी कारवाई, बड्या व्यक्तींचे दौरे, आणि परीक्षा. हो, परीक्षासुद्धा. इराक, सीरिया, अल्जीरिया या देशांनी प्रश्नपत्रिका फुटू नयेत म्हणून परीक्षेच्या वेळात देशभरचं नेट बंद केलेलं आहे. राजस्थानात सप्टेंबर २०२१ मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेसाठी अनेक जिल्ह्यांत मोबाइल नेट बंद होतं. परीक्षा केंद्रात फोन नेऊ न देणं हे केंद्रावरचं काम. ते जमत नाही म्हणून लाखो लोकांना वेठीस धरणं, याचं समर्थन कसं करायचं ते मला अजून समजलेलं नाही.

अलीकडे रशियात २०२५ पासून ड्रोनहल्ल्यांचं कारण देऊन मोबाइल नेट वारंवार बंद केलं जातं, आणि त्या काळात चालू राहतील अशा सेवांची यादीही सरकारने तयार केली आहे.

अफवांमुळे जीव जातात हेही खरंच ना? मग बंदीचा उपयोग होत नाही का?

अफवांनी माणसं मारली गेली आहेत, ही भीती खोटी नाही. जमाव चालून येतोय अशा वेळी काही तासांसाठी, ठरावीक भागापुरता निर्णय घ्यावा लागला तर त्या अधिकाऱ्यापुढची अडचण मी समजू शकतो. पण अफवा नेटच्या आधीही तोंडोतोंडी पसरत होत्याच. नेट बंद झालं की अफवेची वाट अरुंद होते, तसा खुलासा पोचायचा रस्ताही बंद होतो. "आमच्या भागात सगळं शांत आहे" हे सांगणारा संदेशही अडकतो आणि न कळलेल्याची भीती वाढते.

यान रिडझाक या संशोधकाने भारतातल्या घटनांचा अभ्यास केला. त्यात दिसलं ते असं की बंदीच्या काळात शांततेची आंदोलनं एकत्र बांधणं कठीण होतं, आणि हिंसक प्रकारांना तेवढ्या समन्वयाची गरजच नसल्याने ते वाढतात. एका अभ्यासाने सगळा निकाल लागत नाही, मान्य. पण बंदीने शांतता येते हे सिद्ध करण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर आहे, आणि ते सिद्ध करणारे आकडे सरकारं मांडत नाहीत. भारतात संसदेच्या स्थायी समितीने डिसेंबर २०२१ च्या अहवालात यावरच बोट ठेवलं: देशात किती वेळा नेट बंद झालं याची नोंदसुद्धा केंद्राची खाती ठेवत नाहीत. सरसकट बंदीऐवजी ठरावीक सेवाच अडवता येतील का ते पाहा, असंही समितीने सुचवलं.

मोजदाद करतात त्या बाहेरच्या संस्था. ॲक्सेस नाउ या संस्थेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये ५४ देशांत मिळून २९६ वेळा बंदी घातली गेली. त्यात म्यानमार ८५ आणि भारत ८४. त्याआधीची सलग सहा वर्षं भारत पहिल्या क्रमांकावर होता.

आदेश काढण्याचा अधिकार कुणाला असतो?

देशागणिक वेगळा. कुठे गृह खातं, कुठे दूरसंचार नियामक, कुठे लष्कर, कुठे न्यायालय. ब्राझीलमध्ये ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस एक्स हे समाजमाध्यम बंद झालं ते सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने.

भारतात २०१७ च्या नियमांनी हा अधिकार केंद्राच्या किंवा राज्याच्या गृह सचिवांना दिला. अगदीच अपरिहार्य परिस्थितीत सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याने आदेश काढला तर चोवीस तासांत त्यावर गृह सचिवांची मान्यता लागते. त्यानंतर आढावा समितीने तो तपासायचा. २०२० च्या दुरुस्तीने एका आदेशाची मुदत जास्तीत जास्त १५ दिवस ठरवली. २०२३ च्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ मध्ये नवे नियम आले, आणि त्यांत आदेश प्रसिद्ध करणं बंधनकारक आहे. तरी जिल्हा पातळीवरून जमावबंदीच्या कलमाखाली नेट बंद केल्याची उदाहरणं आहेतच. म्हणून सही कुणाची आहे ते वाचायचं. अधिकार नसलेल्याच्या सहीचा आदेश न्यायालयात टिकत नाही. झिंबाब्वेत जानेवारी २०१९ मध्ये नेमकं हेच झालं: ज्या मंत्र्याने आदेश दिला त्याला तो अधिकारच नव्हता, म्हणून उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली.

आदेशाच्या कागदावर काय पाहायचं?

तारीख आणि वेळ, कधीपासून कधीपर्यंत. कोणता भाग: पूर्ण जिल्हा की काही ठाणी. कोणती सेवा: २जी, ३जी, ४जी, ५जी असा उल्लेख असेल तर फक्त मोबाइल डेटा. ब्रॉडबँड, लीज लाइन (कार्यालयांनी भाड्याने घेतलेली स्वतंत्र लाइन), बँकिंग यांना सूट आहे का. कारण काय दिलंय. "कायदा व सुव्यवस्था" एवढ्याच दोन शब्दांत कारण उरकलेलं असेल तर आदेश तिथेच कच्चा आहे. कागदाचं छायाचित्र जपून ठेवा, पुढे दाद मागायची झाली तर तोच पुरावा.

बंदी आहे की नुसता बिघाड, हे कसं ओळखायचं?

एकाच वेळी सगळ्या कंपन्यांचं नेट गेलं, कॉल मात्र लागतायत आणि हद्दीपलीकडे सगळं सुरळीत आहे, असं असेल तर बहुतेक बंदीच. एकाच कंपनीचं गेलं असेल तर बिघाडाची शक्यता जास्त. बाहेरून पाहणाऱ्यांसाठी क्लाउडफ्लेअर रडार, आयोडा, नेटब्लॉक्स या जगभरच्या नेटवर नजर ठेवणाऱ्या सेवांचे आलेख आहेत. बंदीत रेषा कड्यावरून पडल्यासारखी सरळ खाली येते आणि बऱ्याचदा ठोक्याला परत चढते. कोणतं संकेतस्थळ अडवलंय ते ऊनी या संस्थेच्या ॲपने तपासता येतं, मात्र काही देशांत अशी तपासणी करणंही जोखमीचं आहे.

सरकारी खुलाशावर लगेच विसंबू नये. जुलै २०२४ मध्ये बांगलादेशात विद्यार्थ्यांचं आंदोलन चालू असताना देशभरचं नेट गेलं तेव्हा मंत्र्यांनी डेटा सेंटरच्या आगीकडे बोट दाखवलं. सरकार बदलल्यावर झालेल्या चौकशीत निघालं की आगीचा संबंध नव्हता, नेट सांगून बंद केलं होतं.

व्हीपीएन वापरलं की काम होतं का?

व्हीपीएन म्हणजे आपली वाहतूक दुसऱ्या ठिकाणच्या सर्व्हरमार्गे, झाकून नेणारी सोय. ॲप किंवा संकेतस्थळ अडवलं असेल तर अनेकदा होतं. मोबाइल डेटाच बंद असेल तर मुळीच नाही. व्हीपीएनला जायला वाट तर हवी! आणि ते आधी उतरवून ठेवलेलं असावं लागतं, कारण बंदी लागली की बऱ्याचदा व्हीपीएनची संकेतस्थळंही अडवली जातात.

कायद्याचं भान ठेवा. काही देशांत ते वापरणं गुन्हा आहे, काही ठिकाणी तेवढ्या काळापुरती मनाई होते. ब्राझीलच्या आदेशात व्हीपीएनने एक्सवर जाणाऱ्याला दिवसाला ५० हजार रिआल दंडाची तरतूद होती. फुकट व्हीपीएनवर भरवसा ठेवू नका, तुमची सगळी वाहतूक त्यांच्या हातातून जाते.

उपग्रह किंवा ब्लूटूथचा पर्याय?

उपग्रहावरून नेट मिळू शकतं, पण उपकरण महाग, आणि काही देशांत परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदेशीर. ब्लूटूथवर चालणारे संदेश ॲप हाँगकाँगमध्ये २०१९ ला आणि म्यानमारमध्ये २०२१ ला लोकांनी मोठ्या प्रमाणावर उतरवले. त्यांची मजल फोनपासून फोनपर्यंत, फार तर शंभरेक मीटर. गर्दीत चालतात, विरळ वस्तीत नाही. आणि त्यांतल्या काहींच्या सुरक्षिततेत तेव्हा मोठ्या फटी सापडल्या होत्या.

आधीपासून काय तयारी करून ठेवावी?

जवळच्या दहा-बारा माणसांचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. नकाशा, तिकिटं, औषधांच्या चिठ्ठ्या आणि ओळखपत्रं फोनमध्ये उतरवलेली असू द्या, क्लाउडवर नाहीत. थोडी रोख रक्कम हाताशी असू द्या. घरच्यांशी ठरवून ठेवा: नेट गेलं तर अमुक वेळेला साधा फोन, तोही लागला नाही तर अमुक ठिकाणी भेट. आणि रेडिओ. तो जुनाट वाटला तरी बंदीत बातमी तोच देतो.

"सेवा पूर्ववत" असं जाहीर झालं म्हणजे सगळं परत आलं का?

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. जम्मू-काश्मीरमध्ये सेवा कशी परत आली ते क्रमाने पाहा. ऑक्टोबर २०१९ मध्ये खोऱ्यात पोस्टपेड मोबाइलचे कॉल. एसएमएस २०२० उजाडताना. जानेवारी २०२० च्या अखेरीस २जी, तेही सरकारने मान्य केलेल्या ३०१ संकेतस्थळांपुरतं, समाजमाध्यमं वगळून. मार्चमध्ये ती यादी गेली, वेगाची मर्यादा राहिली. ऑगस्टमध्ये दोन जिल्ह्यांत ४जी. बाकी सगळ्यांना फेब्रुवारी २०२१ मध्ये. यातल्या प्रत्येक टप्प्यावर "नेट सुरू" अशी बातमी देता येत होती.

मणिपूरमध्ये मे २०२३ मध्ये हिंसाचार सुरू झाला आणि नेट बंद झालं. जुलैच्या अखेरीस ब्रॉडबँड परत आलं ते अटींसह: ठरावीक स्थिर आयपीवरच जोडणी, राउटरवरून वायफाय किंवा हॉटस्पॉट द्यायचा नाही, समाजमाध्यमं आणि व्हीपीएन बंद, आणि पासवर्ड रोज बदलायचे. मोबाइल नेट राज्याच्या बहुतेक भागात परत यायला डिसेंबर उजाडला. म्हणून सेवा परत आल्याची बातमी वाचली की सुरुवातीसारखेच चार प्रश्न पुन्हा विचारा: कोणती सेवा, कोणत्या भागात, किती वेगाने, कोणत्या अटींवर.

न्यायालयात जाऊन काही होतं का?

होतं, पण उशिरा होतं. भारतात काश्मीर टाइम्सच्या संपादक अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० ला निकाल दिला. इंटरनेटवरून बोलण्याला आणि व्यवसाय करण्याला घटनेचं संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही, आदेश प्रसिद्ध करावेच लागतील आणि बंदी कारणाच्या प्रमाणात असली पाहिजे, ही तत्त्वं त्यातून पक्की झाली. नेट मात्र त्या दिवशी परत आलं नाही. पश्चिम आफ्रिकेच्या इकोवास न्यायालयाने २०२० मध्ये टोगोची २०१७ ची बंदी बेकायदा ठरवली, तेव्हा जवळजवळ तीन वर्षं होत आली होती.

सुदानचा प्रसंग आवर्जून सांगावासा वाटतो. जून २०१९ मध्ये लष्करी राजवटीने देशाचं नेट तोडलं. एका वकिलाने आपल्या मोबाइल कंपनीवर दावा लावला: मी पैसे भरतो, मला सेवा द्या. न्यायालयाने त्याचं म्हणणं मान्य केलं आणि नेट सुरू झालं, पण फक्त त्याच्या एकट्याच्या क्रमांकावर, कारण दावा त्याने स्वतःपुरता लावला होता. काही दिवस राजधानीत नेट असलेला सामान्य नागरिक तो बहुधा एकटाच होता. मग तो पुन्हा न्यायालयात गेला, या वेळी सगळ्यांसाठी. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात न्यायालयाने कंपन्यांना सेवा सुरू करायला सांगितलं आणि लोकांच्या फोनवर महिनाभराचे अडकलेले संदेश येऊ लागले.